४,२९,४९,६७,२९७ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही संख्या वाचायची कशी, आणि हिच्यात एवढं विशेष काय?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दहा अंक नुसते न्याहाळून फारसं काही हाती लागत नाही. ना त्यांत क्रम, ना सममिती. पण हीच संख्या २^३२ + १ अशी लिहिली (२^३२ म्हणजे २ चा ३२वा घात), की चित्र पालटतं. खाली जे जे येणार आहे त्यातलं जवळपास सगळं या छोट्याशा रूपातून निघतं. दशमान पद्धतीतले अंक हा तिचा फक्त पोशाख आहे.

गणितात तिची ओळख पाचवी फर्मा संख्या अशी आहे. २ च्या घातांकाच्या जागी पुन्हा २ चाच घात ठेवायचा आणि आलेल्या संख्येत १ मिळवायचा, की फर्मा संख्या तयार होते : ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग ही. मोजणी शून्यापासून करतात, म्हणून ३ ही शून्यावी आणि आपली पाचवी.

घातांक ३२ च का? ३० किंवा ३३ का नाही?

घातांकाला १ पेक्षा मोठा विषम अवयव असेल, तर २^घातांक + १ ही संख्या हमखास फुटते. ३३ घ्या. २^३३ + १ म्हणजे ८^११ + १, आणि विषम घातासाठी 'क^११ + १' ला 'क + १' ने नेहमी भाग जातो, म्हणजे इथे ९ ने. ३० मध्येही १५ हा विषम अवयव आहेच. त्यामुळे या साच्यात मूळ संख्या हवी असेल तर घातांक १, २, ४, ८, १६, ३२ अशांपैकीच असावा लागतो. ही अट आवश्यक आहे. ती पुरेशी आहे का, यावरच सगळा इतिहास घडला.

ती मूळ संख्या आहे का?

नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे अवयव पाडण्याची ही एवढीच रीत.

फर्माला ती मूळ का वाटली?

फ्रेंच गणिती पिअर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रातून असं मत मांडलं की या साच्यातली प्रत्येक संख्या मूळ आहे. सिद्धता आपल्याकडे नाही हेही त्याने कबूल केलं होतं. पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत, तेव्हा मोह पडणं साहजिक होतं. १६५४ मध्ये पास्कालला लिहितानाही तो याच मतावर होता.

नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. १६४० मध्येच त्याने आपला प्रसिद्ध 'छोटा' सिद्धांत पत्रातून कळवला होता : p मूळ असेल आणि तिने क ला भाग जात नसेल, तर क^(p − १) ला p ने भागल्यावर बाकी १ उरते. पुढे स्विस गणिती ऑयलरने जे केलं, त्याला एवढं एकच हत्यार पुरेसं होतं. ते फर्माच्या हातात होतं, पण या संख्येवर त्याने ते चालवलं नाही, किंवा चालवताना कुठेतरी आकडेमोड चुकली. कागद शिल्लक नाहीत, त्यामुळे तर्क कितीही लढवावेत.

ऑयलरला ६४१ कसा सापडला?

१७२९ च्या डिसेंबरात गणिती गोल्डबाखने पत्राच्या ताजा कलमात ऑयलरला विचारलं : फर्माचं हे विधान तुला ठाऊक आहे का? ऑयलरने आधी फारसं मनावर घेतलं नाही, पण १७३२ मध्ये त्याने ६४१ हा अवयव मांडला. त्या टिपणात नुसतं उत्तर होतं, रीत त्याने नंतरच्या लेखनात उलगडली. ती अशी.

समजा p या मूळ संख्येने २^३२ + १ ला भाग जातो. मग २^३२ ला p ने भागल्यावर बाकी −१ उरते (म्हणजे p पेक्षा एकने कमी), आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चे घात चढत्या क्रमाने घेत गेलो, तर बाकी १ पहिल्यांदा कधी येईल? तो घातांक ६४ चा विभाजक असायला हवा. तो ३२ किंवा ३२ चा विभाजक असता, तर २^३२ ची बाकी १ आली असती, −१ नाही. म्हणजे तो नेमका ६४. छोट्या सिद्धांतानुसार २^(p − १) ची बाकीही १ येते, म्हणून p − १ ला ६४ ने भाग जायलाच हवा.

म्हणजे p हा ६४ च्या पाढ्यात १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकी एक : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या पाचच : १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही, पाचवीने जातो. बस, पाच भागाकार!

१८७८ मध्ये एदुआर ल्युकाने ही चाळणी आणखी बारीक केली. p ला ८ ने भागून १ उरत असेल, तर p च्या बाक्यांच्या हिशेबात २ ही कुठल्या तरी संख्येचा वर्ग असते. त्या संख्येचे घात घेतले तर बाकी १ यायला दुप्पट वाट पाहावी लागते, ६४ ऐवजी १२८ पायऱ्या. तेव्हा p − १ ला १२८ ने भाग जायला हवा. आता ६४१ पर्यंत मूळ संख्या उरतात दोनच : २५७ आणि ६४१. त्यातली २५७ ही स्वतः फर्मा संख्या, आणि दोन वेगळ्या फर्मा संख्यांना सामायिक अवयव नसतो (कारण पुढे येतं). म्हणजे पहिलाच खरा उमेदवार ६४१!

हे काहीच माहीत नसतं तरी? २, ३, ५, ७ असं ओळीने भागत गेलात, तर ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. कंटाळवाणं काम खरं, पण एका दिवसात होण्यासारखं. शंभर वर्षांच्या आसपास हे कुणी केलं नाही, याचं मला अवयवापेक्षा जास्त आश्चर्य वाटतं.

मोठा भागाकार न करता ६४१ चा भाग जातो हे दाखवता येतं का?

येतं, आणि अख्ख्या अंकगणितात इतकी देखणी चार ओळींची सिद्धता क्वचितच मिळते. ६४१ दोन प्रकारे लिहा :

६४१ = ६४० + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ ची बाकी −१. दोन्हीकडे चौथा घात घ्या : ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^४ × २^२८, म्हणजेच −२^३२ ची बाकी १. याचाच अर्थ २^३२ + १ ची बाकी शून्य.

ही सिद्धता वाचून कुणी म्हणेल की ६४१ आधी माहीत असल्यावर सगळं सोपंच. बरोबर आहे. शोध लावायला ती उपयोगाची नाही, पडताळ्यासाठी आहे.

६७,००,४१७ मूळ आहे हे कशावरून?

इथेही ल्युकाची चाळणी कामी येते. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव हा आपल्या फर्मा संख्येचाही अवयव असणार, म्हणून तो १२८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असणार. शिवाय ६७,००,४१७ चं वर्गमूळ २,५८८ आणि २,५८९ यांच्या मध्ये आहे, तेव्हा त्यापलीकडे शोधायची गरज नाही. या मर्यादेत बसणाऱ्या मूळ संख्या पाच, आणि त्यांनी भागल्यावर उरणाऱ्या बाक्या अशा :

२५७ ने भागल्यास १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४, १,४०९ ने ६२२.

एकही शून्य नाही, म्हणून संख्या मूळ. पुन्हा पाचच भागाकार.

अवयव न शोधता 'मूळ नाही' एवढंच सांगता येतं का?

हो, आणि इथे एक गंमत आहे. छोट्या सिद्धांताची कसोटी २ घेऊन लावली तर ही संख्या पास होते! २^३२ ला तिने भागल्यावर बाकी −१ उरते (तिची रचनाच तशी), म्हणून २^६४ ची बाकी १. कसोटीतला घातांक आहे संख्या वजा १, म्हणजे २^३२, आणि तो ६४ च्या पटीत आहे. तेव्हा बाकी १ येते. मूळ नसूनही मूळ असल्याचं सोंग वठवणारी ही संख्या आहे. खरं तर प्रत्येक फर्मा संख्या या कसोटीला उतरतेच, त्यामुळे इथे २ वापरण्यात काही अर्थ नाही.

३ घेतला की सोंग उघडं पडतं. ३ चा ४,२९,४९,६७,२९६वा घात घेऊन भागलं तर बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. संख्या मूळ असती तर १ आली असती. हा घात दिसतो तितका अवघड नाही. ३ चा वर्ग करा, बाकी ठेवा, तिचा वर्ग करा, बाकी ठेवा, असं ३२ वेळा. १८७७ मध्ये पेपँ याने हाच मार्ग फर्मा संख्यांसाठी पक्क्या कसोटीच्या रूपात मांडला : एक पायरी आधी, म्हणजे इथे ३१ वर्गांनंतर, बाकी −१ आली तरच संख्या मूळ, एरवी नाही. प्रचंड फर्मा संख्यांसाठी संगणकावर आजही याच कसोटीचा आधार घेतात.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का?

एक उत्तर तर समोरच आहे : ६५,५३६^२ + १^२. पण आणखी एक आहे, आणि तेच महत्त्वाचं :

४,२९,४९,६७,२९७ = ६२,२६४^२ + २०,४४९^२

फर्मा-ऑयलरच्या काळापासून माहीत असलेली गोष्ट अशी की ४ ने भागल्यावर १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडण्याची एकच रीत असते. दोन रीती सापडल्या की संख्या संयुक्त (मूळ नसलेली), वाद नाही. इतकंच नव्हे, त्या दोन रीतींतून अवयवही बाहेर काढता येतात. करून पाहू.

सम संख्यांची वजाबाकी : ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२. विषमांची : २०,४४९ − १ = २०,४४८. या दोघांचा मसावि ८. ३,२७२ = ८ × ४०९ आणि २०,४४८ = ८ × २,५५६. आता ४०९^२ + २,५५६^२ काढा : १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७. मोठा अवयव आपोआप हाती आला. लहान अवयव ६४१ हा २५^२ + ४^२ आहे, आणि या दोन बेरजांचा गुणाकार करतानाच वरच्या दोन्ही रीती जन्माला येतात : २५ × २,५५६ + ४ × ४०९ = ६५,५३६ आणि २५ × ४०९ − ४ × २,५५६ = १. दोन मोठे गुणाकार, १०,२२५ आणि १०,२२४, एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात आणि उरतो फक्त १.

जाता जाता, २०,४४९ हा स्वतःच १४३ चा वर्ग आहे, आणि ६५,५३६ हा २५६ चा. म्हणजे ही संख्या २५६^४ + १ सुद्धा आहे आणि ६२,२६४^२ + १४३^४ सुद्धा.

फर्माची अवयव पाडायची स्वतःची रीत इथे चालली असती का?

चालली असती, पण त्याचं आयुष्य खाऊन. त्याची रीत दोन वर्गांच्या वजाबाकीची : वर्गमूळाच्या लगेच वरच्या संख्येपासून सुरुवात करायची, वर्ग करून त्यातून दिलेली संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचं. दोन अवयव जवळजवळचे असतील तर ही रीत वाऱ्यासारखी धावते. इथे एक अवयव शेकड्यांत, दुसरा लाखांत. ६५,५३७ पासून निघून ३३,५०,५२९ पर्यंत जावं लागतं, कारण ४,२९,४९,६७,२९७ = ३३,५०,५२९^२ − ३३,४९,८८८^२. पायऱ्या होतात साडेबत्तीस लाखांहून जास्त. ऑयलरच्या रीतीने पाच.

विभाजक किती? त्यांची बेरीज? इतर किरकोळ माहिती?

विभाजक चार : १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. सगळ्यांची बेरीज ४,३०,१६,६८,३५६. स्वतःला वगळलं तर विभाजकांची बेरीज फक्त ६७,०१,०५९, म्हणजे परिपूर्ण संख्येच्या (जिच्यात ही बेरीज त्या संख्येएवढीच येते) आसपासही नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ शिवाय सामायिक विभाजक नसलेल्या) संख्या ४,२८,८२,६६,२४०. अंकांची बेरीज ५९, तेव्हा ३ किंवा ९ चा भाग जात नाही. शेवटचा अंक ७ आहे, आणि १७ पासून पुढच्या प्रत्येक फर्मा संख्येचा तो ७ च असतो, कारण १६ चा कुठलाही घात ६ नेच संपतो. तिच्या आधीची सर्वांत जवळची मूळ संख्या ४,२९,४९,६७,२९१, नंतरची ४,२९,४९,६७,३११.

संगणकाच्या ४,२९,४९,६७,२९५ या मर्यादेशी हिचा काय संबंध?

३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी चिन्हविरहित पूर्ण संख्या २^३२ − १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. आपली संख्या तिच्याहून २ ने मोठी. द्विमान पद्धतीत ती १, मग एकतीस शून्ये, मग १ अशी दिसते. बिट लागतात तेहतीस. ३२ बिटांच्या जागेत कोंबली तर डावीकडचा १ गळून पडतो आणि हाती उरतो १. प्रोग्रॅममध्ये ही संख्या साठवून १ छापला जात असेल, तर गणित बरोबर आहे, जागेचा प्रकार मोठा निवडा.

या दोघींमधलं खरं नातं असं : ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. आधीच्या सगळ्या फर्मा संख्यांचा गुणाकार अधिक २ म्हणजे पुढची फर्मा संख्या, हे नेहमीच खरं असतं. म्हणून दोन फर्मा संख्यांना सामायिक अवयव असू शकत नाही. असता, तर त्याने २ लाही भाग गेला असता, आणि फर्मा संख्या तर विषम. फर्मा संख्या अनंत आहेत आणि प्रत्येकीचे मूळ अवयव वेगळे, तेव्हा मूळ संख्याही अनंत. ही सिद्धता गोल्डबाखने १७३० मध्ये ऑयलरला पत्रातून कळवली.

बुद्धिबळाच्या पटावर घराघरात दुप्पट धान्य मागणाऱ्याची गोष्ट सर्वांना माहीत असते. पहिल्या अर्ध्या पटावर २^३२ − १ दाणे, पूर्ण पटावर २^६४ − १. भागाकार केला तर उत्तर येतं नेमकं ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे पटावरचे सगळे दाणे ६४१ समान ढिगांत बिनबाकी वाटता येतात.

बहुभुज काढण्याशी फर्मा संख्यांचा संबंध कसा?

गाउसने १७९६ मध्ये दाखवलं की १७ समान बाजूंचा नियमित बहुभुज फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो. पुढे नियम पूर्ण झाला (उलट दिशेची सिद्धता वॉन्झेलची, १८३७) : बाजूंच्या संख्येत २ चे घात कितीही चालतील, पण विषम अवयव वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्याच हव्यात. त्यामुळे ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो, ४,२९,४९,६७,२९६ बाजूंचाही येतो, आणि त्याच्या लगेच पुढचा, आपला, येत नाही. ६४१ आडवा येतो. विषम बाजूंचे जेवढे रचनीय बहुभुज आज ज्ञात आहेत, त्यांतला सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचाच. ती आकृती डोळ्याला वर्तुळापेक्षा वेगळी दिसणार नाही, हे सांगायला नको.

१ आणि १ च्या मध्ये पंधरा शून्ये, या संख्येशी हिचं नातं आहे म्हणतात. खरं?

खरं, आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. १००००००००००००००१ हे चिन्ह चारच्या पायावर वाचलं तर ४^१६ + १, म्हणजे आपलीच संख्या होते. तेच दहाच्या पायावर वाचलं तर १०^१६ + १, पूर्णपणे वेगळी संख्या. पण ६४१ ने दोन्हींना भाग जातो! कारण १० × ६४ = ६४०, म्हणजे ६४१ च्या हिशेबात −१. दोन्हीकडे १६वा घात घ्या : १०^१६ × २^९६ ची बाकी १. २^९६ म्हणजे २^३२ चा घन, त्याची बाकी −१. म्हणून १०^१६ ची बाकीही −१. यामुळेच १/६४१ चा दशांश विस्तार दर ३२ अंकांनी परत परत येतो.

एका लहान मुलाने हिचे अवयव तोंडी सांगितले होते, ही दंतकथा आहे का?

नाही. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा झिरा कोलबर्न, जन्म १८०४. १८१२ च्या सुमारास लंडनमध्ये त्याच्या तोंडी हिशेबांचे प्रयोग होत असत, तिथे त्याने ही संख्या ६४१ ने फुटते हे सांगितल्याची नोंद आहे. अवयव पाडण्यात त्याचा हातखंडा होता.

पुढच्या फर्मा संख्यांपैकी एखादी मूळ निघाली का?

आजवर एकही नाही. ६५,५३७ नंतर मूळ फर्मा संख्या कुणाला सापडलेली नाही. पाचवीपासून बत्तिसावीपर्यंतच्या सगळ्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालं आहे. सहावी, २^६४ + १, १८८० मध्ये लाँद्रीने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी फोडली : २,७४,१७७ हा तिचा लहान अवयव. सातवीला पूर्ण फोडायला १९७० साल उजाडलं. बारावी अजून पूर्ण फुटलेली नाही. विसावी आणि चोविसावी यांची तर गंमतच : पेपँच्या कसोटीने त्या संयुक्त ठरल्या आहेत, पण त्यांचा एकही अवयव कुणाला माहीत नाही. चोविसावीत पन्नास लाखांहून अधिक अंक आहेत. तेहतिसावी मूळ की संयुक्त हे अजून ठरलेलं नाही. तिच्यात अडीच अब्जांहून जास्त अंक असल्याने कसोटी लावणंच आवाक्याबाहेर आहे, म्हणून सध्या तिचा एखादा लहानसा अवयव लागतो का, एवढंच शोधलं जातं.